ढिली नळी

तंबोऱ्याची जवारी, तबल्याची शाई, सतारीचे पडदे यांविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून वाटेल तितके बोलणे होते. सनईचे नावही मंगलकार्याच्या निमित्ताने निघते. परंतु वरातीच्या अग्रभागी पितळेचा जो अवाढव्य बाजा वादकाच्या छातीशी टेकून, आभाळाकडे तोंड करून घुमत असतो, त्याचा सूर कोण मिळवितो आणि मिळविलेला सूर टिकतो कशाच्या बळावर, हा प्रश्न आम्ही अद्याप कोणा रसिकाच्या तोंडून ऐकलेला नाही. इंग्रजीत या बाज्याला टूबा म्हणतात. आमचे बँडवाले त्याला नुसते बेस म्हणतात. लष्करी बँडांचा अधिपती वीप्रेख्ट आणि मोरिट्झ नावाचा कारागीर या दोघांनी १८३५ साली बर्लिन शहरी त्याचे पहिले पेटंट घेतले. त्यानंतर तो जगभर गेला आणि फिरत फिरत आपल्या लग्नांतही आला.

या वाद्याला खुंटी नाही. त्याची सारी नळी उलगडली तर मध्यम आकाराच्या बेसमध्ये ती सुमारे १३ फूट भरते, मोठ्यात १८ फूट. ही नळी मधूनमधून तोडलेली असते आणि त्या ठिकाणी घोड्याच्या नालासारखा वाकविलेला एक तुकडा आपल्या दोन पायांनी मूळ नळीत शिरलेला असतो. हीच स्लाइड. एक मुख्य, आणि प्रत्येक चापेच्या वाटणीची एकेक निराळी. स्लाइड बाहेर ओढली की नळी लांबते व सूर उतरतो. आत लोटली की चढतो. तिला जागच्या जागी धरून ठेवणारी खीळ नाही, स्क्रू नाही. दोन पितळी नळ्यांचे एकमेकींशी होणारे घर्षण आणि त्यांच्या मधला वंगणाचा पातळ थर, एवढाच काय तो आधार.

तंबोऱ्याची खुंटी सरकू लागली की आपण तिला खडू फासतो. हाच उपाय कोणी बेसला करू जाईल तर घात होईल. खुंटी नुसती अडून राहिली म्हणजे पुरे; स्लाइडने अडूनही राहिले पाहिजे आणि श्वासाचा कणही बाहेर जाऊ देता कामा नये. शिवाय बोटाने लोटताच ती सरकलीही पाहिजे. या तीन मागण्या एकमेकींशी भांडणाऱ्या आहेत. पितळ वर्षानुवर्षे झिजते, दर लग्नसराईला पॉलिशने घासून त्याला आणखी झिजविले जाते, आणि एके दिवशी नालासारखा तो तुकडा स्वतःच्या भाराने खाली उतरू लागतो. कारण अनेक बाज्यांत त्याचे वाकडे टोक जमिनीकडेच असते.

उतरला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. १३ फूट म्हणजे १५६ इंच. मुख्य स्लाइड दीड इंच घसरली की दोन्ही पाय मिळून नळीत ३ इंचांची भर पडते आणि पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढे अंतर असते त्याच्या सुमारे एक तृतीयांशाने सूर खाली जातो. सप्तकाच्या बावीस श्रुती सारख्या मानल्या तर ही अर्ध्या श्रुतीहून अधिक उतरण झाली. क्लॅरिनेट बेसूर झाली तर ती एकटी बेसूर होते. बेस मात्र सगळ्यांच्या पायाखालचे जोते आहे; ते खचले की वर वाजणारे सारेच तिरपे वाटतात, आणि ऐकणाऱ्याला दोष नेमका कोठे आहे हे कळत नाही.

हा दोष उन्हाळ्यातच का बळावतो, यामागे एक मौजेचे कारण आहे. २० अंश सेंटिग्रेडच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि पुढे दर अंशामागे त्याचा वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो. हवा तापली की सूर चढतो तो यामुळे. क्लॅरिनेटसारख्या लहान वाद्यात वाजविणाऱ्याचा श्वासच हवेला ऊब देत असतो, त्यामुळे तिथे ऋतुभेद थोडा जाणवतो. बेसच्या पोटात मात्र भोवतालच्या हवेचेच राज्य चालते. म्हणून वैशाखात बेसवाल्याला स्लाइड अधिक बाहेर ओढावी लागते. जितकी बाहेर, तितका तिचा आत राहिलेला भाग आखूड आणि पकड कमी. त्यातच उष्म्याने वंगण पातळ होते. पकडीची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच ती सर्वांत कमी उरते!

आमच्या पेठेत एका बँडाची खोली होती. तेथील बेसवाल्या वृद्ध गृहस्थांना लहानथोर सगळे मामा म्हणत. त्यांचा बाजा जुना विलायती होता. विलायतेतील पितळी बँडांचा सूर पूर्वी फार उंच असे. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० आंदोलनांचा मध्यम स्वर ठरला, तरी तेथील बँड १९६० नंतरच्या दशकापर्यंत सुमारे ४५२ आंदोलनांनाच चिकटून होते. असला बाजा ४४०च्या क्लॅरिनेटशी जुळवावयाचा म्हणजे स्लाइड दोन इंचांहून अधिक बाहेर काढणे आलेच. मामांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती स्लाइडीवरून शेजारच्या नळीला ताणून बसविली होती. वरातीतील सुटाबुटाच्या मंडळींना ती पट्टी पाहून हसू येई. आम्हांला तीत हसण्याजोगे काही दिसले नाही. जी वस्तू पडून पोचा खाणार तिला बांधून ठेवणे यात लाज कसली?

तरीही एका वैशाखात पट्टी तुटली आणि भर रस्त्यात स्लाइड दगडावर पडली. दुसऱ्या दिवशी बँडमास्तर म्हणाले, "मामा, ही नळी एकदाची झाळून टाका. रोजची कटकट नको. नाहीतर बाजा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागेल."

मामा म्हणाले, "मास्तर, झाळायला अर्धा तास लागंल. पण मग उन्हात सूर उतरवू कुठनं? आठ दिवस द्या मला."

मास्तर दुष्ट नव्हते. सराईचे दिवस, सुपाऱ्या घेतलेल्या, आणि पितळी वाद्यांचे माहेरघर जे मीरत ते कोसो दूर. पण सूर बिघडला तर बोल मामांच्याच माथी येणार होता आणि त्या वयात दुसरा कोणता बँड त्यांना ठेवून घेणार होता?

मामांनी शहरातच पितळी वाद्ये दुरुस्त करणारा एक कारागीर शोधून काढला. त्याच्याकडे जाताना आम्ही कुतूहलाने बरोबर गेलो. स्लाइड हाती घेताच त्याने प्रथम ती पुसली. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे आपल्या घरांतून ठाऊक असते. तसलाच हिरवा थर आणि जुन्या वंगणाची लुकण त्या पायांवर होती. मग त्याने एक पाय एकट्याने नळीत घालून पाहिला, नंतर दुसरा. दोन्ही पाय कोणीतरी मुद्दाम किंचित फाकविलेले निघाले. स्लाइड अडून राहावी म्हणून करण्यात येणारा हा सर्वांत वाईट उपाय: ती एका अंगाला करकचून घासते, दुसऱ्या अंगाने हवा सोडते, आणि झीज दुप्पट करते. त्याने पाय आधी समांतर केले, पोचा काढला. नंतर पायांच्या आत पोलादी रूळ दाबून फिरवीत नेले. त्या दाबाने पितळ आतून बाहेर कणाकणाने पसरते. केसाच्या जाडीइतका फरकही येथे फार होतो, म्हणून तो दर दोन फेऱ्यांनी थांबून स्लाइड घालून पाही. या कामात घाई केली की नळी फाटते किंवा कायमची अडकून बसते. शेवटी लोकरीपासून निघणारे लॅनोलिन त्याने बोटाने लावले. व्हॅसलीन उन्हात पाझरते, हे दाट राहते, असे त्याने सांगितले.

हवा कोंडते की नाही याची परीक्षा त्याने चापेच्या स्लाइडीवर करून दाखविली, कारण तीही त्याने तशीच दुरुस्त केली होती. चाप न दाबता त्याने स्लाइड इंचभर ओढली आणि सोडली. ती आपली आपणच मागे ओढली गेली. पुन्हा ओढून धरली आणि चाप दाबली, तेव्हा बुचाची बाटली उघडावी तसा आवाज झाला. मामांनी ते स्वतः तीन वेळा करून पाहिले.

मजुरीचे पैसे मामांनी दोन हप्त्यांत दिले. झाळण्याची गोष्ट मास्तरांनी पुन्हा काढली नाही. पुढच्या सुपारीच्या आधी मामांनी बोरूचा एक तुकडा कापून त्यावर दोन खाचा केल्या: स्लाइड मार्गशीर्षात किती बाहेर ठेवावयाची त्याची एक, वैशाखातली दुसरी. तो बोरू ते टोपीच्या घडीत ठेवीत.