गाडींतील सुख

'सुख' हा शब्द आज आपण मनाच्या अवस्थेस लावतों. परंतु ऋग्वेदांत तें रथाचें विशेषण आहे. ज्याच्या चाकाचें 'ख', म्हणजे आंस बसण्याचें छिद्र, चांगलें तो रथ 'सुख', अशी व्युत्पत्ति अनेक पंडित देतात. संस्कृत शिकवितांना आम्ही ही गोष्ट मुलांना मौज म्हणून सांगत असूं. गेल्या वर्षीं घरांत मोटारीच्या स्प्रिंगा बदलण्याचा वाद निघाला, तेव्हां तिचा प्रत्यय आला.

आमचें बिऱ्हाड पुण्यास, मूळ घर गुहागरकडे. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट या वाटेनें वर्षांतून तीन-चार वेळां जाणें होतें, आणि पावसाळ्यानंतर त्या वाटेची दशा काय असते हें सांगावयास नको. गाडी आठ वर्षांची. आमच्या वहिनींचीं हाडें ठिसूळ झालेलीं. 'मणक्याला धक्के बसूं देऊं नका,' असें डॉक्टरांनीं बजावल्यापासून कुलदैवताचें दर्शन कायमचें अंतरतें कीं काय, ही धास्ती त्यांनीं घेतली होती. इकडे आमच्या नातीला घाटांतील वळणांवर उलट्या होतात. आणि गाडी चालविणाऱ्या पुतण्याला ती वळणावर घट्ट व आज्ञाधारक हवी!

येथें आपली भाषा घोटाळा करते. 'गाडी हादरते' असें म्हणतांना आपण दोन निराळ्या गोष्टी एकांत कोंबतों. चाक खड्ड्यांत पडतांच बसतो तो धक्का. सेकंदाला चार ते आठ वेळां होणारें खालवर कंपन बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत जाचक होतें, असें तज्ज्ञ सांगतात. वळणावर गाडी कलते, उंचवट्यानंतर डुलत राहते, तो हेलकावा. तो मंद असतो. पोट ढवळतें तें त्यानें. म्हणून गाडी जितकी मऊ तितकी सुखकर, हा समज खरा नव्हे. मऊ स्प्रिंगांनीं वहिनींना उसंत मिळेल, तर नात बेजार होईल. शिवाय खोल खड्ड्यांत अशी गाडी तळाच्या रबरी ठोकळ्यावर आपटली, तर वहिनींचीहि धडगत नाहीं.

स्प्रिंग ओझें पेलते व धक्का गिळते, परंतु गिळलेलें परत करते. तें जिरविण्याचें काम शॉक ॲब्सॉर्बरचें; गॅरेजांत त्याला 'शॉकअप' म्हणतात. त्याच्या नळींतील तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें आणि हालचालीची उष्णता होते. खराब रस्त्यावर तास-दोन तास गेले कीं तेल तापतें, त्यांत फेस धरतो व जोर ओसरतो. नळींत नायट्रोजन वायु दाबानें भरला असल्यास फेस कमी होतो. खरी मेख आणखी एक आहे. हा शॉक ॲब्सॉर्बर सरसकट कडक नको. चाक वर येतांना सैल व परततांना घट्ट, असा हवा. त्यायोगें धक्का आंत शिरत नाहीं आणि हेलकावाहि आवरतो. आमच्या घरच्या भांडणाचा निकाल स्प्रिंगांत नव्हता, तो या नळींत होता.

स्प्रिंगांना आम्हीं हात लावूं दिला नाहीं. मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्यानें १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत अमेरिकेंत कॅडिलॅक कंपनींत प्रयोग करून दाखविलें कीं, पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून मऊ असल्या तर गाडी होडीसारखी झुलत नाहीं. मागचें चाक उंचवट्यावर उशिरा चढतें, पण त्याची स्प्रिंग चपळ असल्यामुळें तें पुढच्याला गांठतें. कारखान्यानें जमविलेला हा मेळ, एका टोकाची स्प्रिंग बदलली कीं मोडतो. पुतण्याच्या मनांत गाडी दोन इंच खालीं आणणाऱ्या स्प्रिंगा होत्या, कुंभार्लीच्या खड्ड्यांत! एका दुकानदारानें उलट, वेटोळ्यांमध्यें बसवावयाचे रबरी ठोकळे सुचविले. त्यांनीं गाडी उंचावते खरी, परंतु तेवढीं वेटोळीं निकामी होऊन स्प्रिंग कडक होते व उरलेल्यांवर भार पडतो.

मिस्त्रीनें गाडी उचलून पाहिली, तों मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर तेलानें माखलेले आणि पुढचे रबरी बुश फाटलेले! आठ वर्षांत गाडी बिघडली होती, मुळांत वाईट नव्हती. चारी शॉक ॲब्सॉर्बर वायूचे घातले, बुश बदलले, चाकांचें अलाइनमेंट केलें. मोठीं चाकें व पातळ टायर ही पुतण्याची दुसरी हौस आम्हीं मोडून काढली. टायरची जाड कड हीच धक्क्याची पहिली गादी. हवा मात्र दाराच्या चौकटीवर छापलेल्या अंकाप्रमाणें.

राहिला आसनाचा प्रश्न. वहिनी आजवर मागें, जवळजवळ चाकाच्या डोक्यावर बसत. दोन चाकांच्या मधोमध, म्हणजे पुढें, धक्का कमी. पण ती जागा वडीलकीनें दादांची. त्यांची समजूत घालण्यास शॉक ॲब्सॉर्बर बसविण्याहून अधिक वेळ लागला.

नवरात्रांत सर्वजण गेलों. घाट उतरून चिपळूण आल्यावर वहिनी आपण होऊन उतरल्या व त्यांनीं चहा मागितला. नातीला एकदां मळमळलें, तेवढेंच. दादांची मात्र मागच्या आसनाविषयीं तक्रार अजून चालू आहे.