घडीच्या सायकलीवरून भंडारदऱ्याचा वळसा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. राजूर सोडून गाडी शेंडीकडे निघाली की दोन्ही अंगांना डोंगर जवळ येऊ लागतात. उत्तरेला कळसूबाई, उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. पश्चिमेला रतनगड, जिथे प्रवरेचा उगम होतो. या दोहोंच्या मधल्या खोऱ्यात भंडारदऱ्याचे धरण आहे. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडचा ऊस ज्या पाण्यावर उभा राहिला, ते पाणी इथून जाते. ज्या वाड्या या पाण्याच्या काठावर राहिल्या, त्यांची शेती मात्र पावसावर: भात, नाचणी, वरई आणि खुरासणी.

शेंडीपर्यंत एसटीने जाता येते. पुढे मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे अशी गावे धरणाला वळसा घालून बसली आहेत. कृषी विस्ताराच्या कामात आमची खरी अडचण इथेच होते. एसटी रस्त्यावर सोडते आणि वाडी राहते तीन-चार किलोमीटर आत. मोटारसायकल आहे, पण पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी पायांना काम द्या म्हणून सांगितले होते. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात, भात पिवळे पडू लागले तेव्हा, घडीची सायकल घेऊन मी हा वळसा दोन दिवसांत केला. सायकल एसटीत नेली, वाहकाने सामानाच्या जागी ठेवू दिली.

ही सायकल मी जुन्या बाजारात घेतली होती. चाके वीस इंची, सांगाडा पोलादी, मधोमध बिजागरी, मागे सात दातेरी चकत्या. सपाट रस्त्यासाठी केलेली वस्तू ती. पुढच्या चक्राला ५२ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला २८. वीस इंची चाकाचा घेर सुमारे दीड मीटर असतो. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेऱ्याला सायकल पावणेतीन मीटर पुढे जाणार. मागे माती परीक्षणाच्या नमुन्यांच्या पिशव्या बांधून साम्रदची चढण त्या हिशेबाने चढणे माझ्या गुडघ्यांना जमण्यासारखे नव्हते.

संगमनेरला एक लेथवाले मिस्त्री आहेत. शेती अवजारांची कामे करतात. त्यांनी सायकल उलटी टांगली, दात मोजले आणि म्हणाले, "साहेब, वाण चांगला आहे, पण तुमच्या जमिनीचा नाही." शेतकऱ्यांच्या संगतीत राहिलेला माणूस! त्यांनी ५२ दातांचे चक्र काढून ३४ दातांचे बसवले. ते जुन्या क्रँकला थेट बसेना, म्हणून पाच मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची चकती लेथवर काढून मधे घातली. चेनच्या आठ कड्या कमी केल्या. आता सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला सायकल १.८ मीटर जाते. सपाटीवर वेग कमी झाला. सर्वांत जड गिअरमध्ये मिनिटाला साठ फेरे मारले, तर ताशी तेरा किलोमीटर. वाडीवर जाणाऱ्या माणसाला तेवढा पुष्कळ झाला.

छोट्या चाकाच्या सायकलीत गिअर बदलणारा काटा जमिनीच्या फार जवळ येतो. बांधावरचा दगड लागला की तो वाकतो. त्याच्या बाहेरून मिस्त्रींनी पट्टीचे एक कडे बसवले. या तऱ्हेची कामे गावातही होऊ शकतात.

सांगाड्याचे काम मात्र वेगळे. घडीच्या सायकलीत सारा भार एका दांडीवर आणि तिच्या मधल्या बिजागरीवर येतो. आपण बसलो की त्या दांडीची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. घराच्या कैचीला तळाशी ताण घेणारी आडवी दांडी असते, तशी या सायकलीला नसते. डाहॉन नावाच्या कंपनीने आपल्या काही सायकलींना हँडलच्या नळीपासून पायडलच्या आसापर्यंत पोलादी तार दिली, ती याच कारणाने. मिस्त्रींनीही तोच उपाय केला. चार मिलिमीटरचा पोलादी दोर आणि द्राक्षाच्या मांडवाची तार ताणायचा स्क्रू. दोन्ही टोके पट्ट्यांनी आवळली, वेल्डिंग कुठेही केले नाही. घडी घालताना स्क्रू सैल करून दोर काढायचा. बिजागरीची खीळ झिजून हलत होती. भोक साफ करून त्यात बुश ठोकले आणि नवी खीळ घातली.

मी विचारले, "बिजागरीजवळ वेल्डिंगची एक पट्टी मारली असती तर?" ते म्हणाले, "साहेब, पट्टी राहील, पण पट्टीच्या शेजारची नळी तुटेल. उतारावर तुटली तर तुम्ही घाटातच राहाल." पोलादाची पातळ नळी कच्च्या हाताने तापवली की जोडाशेजारी कमकुवत होते. ॲल्युमिनियमची तर अधिकच, कारण जोडानंतर तिला पुन्हा ठराविक उष्णता द्यावी लागते आणि ती सोय गावच्या भट्टीत नसते. लोहचुंबक चिकटत नसेल, तर त्या सांगाड्याला वेल्डिंग करूच नये.

असो. शेंडीहून निघालो. मुतखेलच्या पुढे एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे. काही ठिकाणी करप्याचे ठिपके दिसले. थांबून नोंद केली आणि पुढच्या हंगामाला बीजप्रक्रिया केल्याखेरीज रोपे टाकू नका असे सांगितले. मोटारसायकलीवरून हे ठिपके मला दिसले नसते. सायकलवरचा माणूस खाचराच्या उंचीवर असतो, आणि त्याला पाहून माणसे बोलायला थांबतात.

कोलटेंभ्याच्या अलीकडे एका वाडीत घडीची सायकल पाहायला लोक जमले. तिथल्या एका बापाने आपल्या मुलीची सायकल आतून काढून दाखवली. चाक सव्वीस इंची, पुढे ४४ दात, मागे १८. मुलगी नववीत. येताना खडी चढण लागते, म्हणून ती अर्धी वाट सायकल ढकलत आणते. "पोरगी दमून येते, पुस्तक हातात घेते अन् झोपते. दहावी झाली की बसवतो घरी," बाप म्हणाला. मुलगी दाराआडून ऐकत होती. ती म्हणाली, "मला शिकायचंय. सायकल हलकी करून द्या." आई चुलीपुढून उठून आली, पण काही बोलली नाही. तिने फक्त नवऱ्याकडे पाहिले.

त्या रात्री रतनवाडीत मुक्काम केला. सकाळी अमृतेश्वराच्या शिलाहारकालीन मंदिराचे दर्शन घेतले. पुष्करणीतले पाणी काचेसारखे होते. मग साम्रदची चढण. सर्वांत हलक्या गिअरमध्ये, चालण्याहून थोड्या अधिक वेगाने, न उतरता वर आलो. घाटघरच्या कड्यावरून खाली कोकण दिसते. याच ठिकाणी २००८ पासून खालच्या तलावातले पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्याचा २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प चालतो. पाणी वर न्यायला जोर लागतो, तो कुठूनतरी आणावाच लागतो. सायकलीचा गिअरही जोर निर्माण करत नाही. तोच जोर तो थोडा थोडा करून घेतो आणि त्या बदल्यात वेळ घेतो. उडदावणे आणि पांजरे करून दुपारी शेंडीला पोहोचलो.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीच्या सायकलीला १८ दातांचे फ्रीव्हील काढून २२ दातांचे बसवले आणि चेनला दोन कड्या वाढवल्या. सांगाड्याला हात लावला नाही. आधी एका फेऱ्याला सायकल पाच मीटर जात होती, आता चार मीटरांच्या थोडी वर जाते. म्हणजे पायाला जिथे शंभराचा जोर लागत होता, तिथे ब्याऐंशीचा लागतो. चढण सगळी सर होत नाही. शेवटचा खडा तुकडा ती अजूनही ढकलते. पण घरी उजेडात पोहोचते. तिची दहावी २०२५ साली झाली आणि बापाने अकरावीला नाव घातले. एवढे सारे फ्रीव्हीलमुळे घडले असे मी म्हणणार नाही. त्या आईने काय काय सांगितले असेल, ते तिलाच ठाऊक.

वाचक बंधुभगिनींनो, चढणीच्या गावात मुलांची सायकल कोपऱ्यात पडून असेल, तर आधी दात मोजा. मागचे फ्रीव्हील २२ दातांचे मिळाले, तर तालुक्याचा कारागीर ते बसवून देईल. चेनकव्हरला चेन घासत नाही ना आणि ब्रेक बरोबर लागतात ना, ते त्याच वेळी पाहून घ्या. घडीची सायकल असेल, तर निघण्यापूर्वी बिजागरी हलवून पाहा. खटका पुरता बसल्यावर त्यावरून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की खटका सरकला असे समजा. नळीच्या रंगावर केसासारखी चीर किंवा गंजाची रेषा दिसली, तर त्या दिवशी पायी जा. दाते आणि चेन गावात बदलावीत, सांगाडा जाणत्या हातातच द्यावा. जमिनीप्रमाणे वाण निवडतो, तसा चढणीप्रमाणे गिअर निवडला, तर दूरची शाळाही थोडी जवळ येते.