सव्वा मूठ गहू

देवपूर, धुळे
5 ऑगस्ट 2025

चि. बापूस,


काल पांझरा नदीवर कानबाईदेवीला बोळवून आलो. फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले.

शेजारचा चिनी माझ्यामागून आला, 2018 ला अर्ज केला आणि ग्रीन कार्ड घेऊन मोकळा झाला, असं तू चिडून म्हणालास. त्याच्यावर कशाला चिडतोस? जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा एवढं ऐकच. 1882 साली त्याच अमेरिकेनं कायदा करून चिनी मजुरांना दार लावलं. 1943 ला ते किलकिलं केलं, वर्षाला 105 माणसांपुरतं. आपल्या वाट्याला 1946 साली 100 आले. तेव्हाही आपण त्यांच्या मागेच!

1965 ला ते जुने कोटे गेले, तरी देशागणिक मर्यादा राहिलीच. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, आणि एका देशाला 7 टक्क्यांच्या आसपास. आइसलँडलाही तेवढीच, आपल्यालाही तेवढीच. त्यातून आपल्याकडचे अर्ज डोंगराएवढे. या महिन्यात तुझ्या रांगेत चीनचा नंबर डिसेंबर 2020 वर आहे आणि आपला जानेवारी 2013 वर. तुझा अर्ज 2014 चा. शाळेतल्या हजेरीसारखी दर महिन्याला ती तारीख बघत बसतोस, हे सूनबाईनं सांगितलं मला.

त्या 1,40,000 मध्ये बायका-पोरंही मोजतात. पण पोर एकवीस ओलांडून गेलं की ते बापाच्या अर्जातून गळतं. आपली छकुली 2010 ला तिकडं गेली तेव्हा चार वर्षांची होती, आता एकोणीस. पुढं तिला त्याच गावात परदेशी विद्यार्थिनी म्हणून राहावं लागेल, याचा घोर तुला आहे. मलाही आहे.

आपला हिशोब तरी कुठे सरळ आहे म्हणा! कानबाईच्या रोटाला घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू धरायचे. पोरीबाळी मोजायच्या नाहीत, दळायला आणि रांधायला मात्र त्याच. यंदा मी छकुलीच्या नावानं सव्वा मूठ धरली. धाकट्या जाऊबाई कुरकुरल्या. म्हटलं, तिकडचं सरकार तिला वगळणारच आहे, निदान कानबाईनं तरी वगळू नये.

आता मुद्द्याचं. तुझ्या शिक्षणासाठी भाऊंनी यावलची दोन एकर केळीची जमीन गहाण टाकली होती. ती तू चार वर्षांत सोडवलीस. तुझ्यावर या घराचं काही देणं नाही. रिकाम्या हातानं आला असं लोक म्हणतील, म्हणून तू तिथं अडकून पडला असशील, तर ते लोक तुझं भाडं भरत नाहीत. जळगावला, पुण्याला तुझ्यासारख्यांना काम आहे. पण छकुलीला विचारल्याशिवाय काही ठरवू नकोस. तिचं गाव तेच आहे, तिला ओढून आणलंस तर तू ज्यावर चिडतोस तेच तू तिच्याशी केलंस.

व्हिसाचा शिक्का मिळाला नाही तर परतता येणार नाही, या भीतीनं सहा वर्षांत तू आला नाहीस. रोट तर भाऊबंदांखेरीज कुणाला देता येत नाही. पीठ पौर्णिमेच्या आत, म्हणजे शनिवारपर्यंत, संपवायचं आहे आणि घरात खाणारे आम्ही तिघंच.

तुझी,
काकू