सात रस्त्याची खोली

आपल्या लोकांत मुंबईच्या आठवणी निघाल्या की मशिदी, मलिदा आणि एली कदुरी शाळा इथवर गाडी येते आणि थांबते. शेजाऱ्यांचा विषय क्वचित निघतो. मी आज शेजाऱ्यांविषयीच लिहिणार आहे. त्यातली एक गोष्ट कित्येक वर्षं मी कुणापाशी बोलले नव्हते.

तिफेरेथ इस्राएल मशिदीपासून चालत पाच मिनिटांवर आमची चाळ होती. चौकाचं नाव जेकब सर्कल, पुढे संत गाडगे महाराज चौक झालं. आम्ही मात्र सात रस्ताच म्हणत आलो. माझ्या लहानपणी आमच्या मजल्यावर बेने इस्राएलांची सहा बिऱ्हाडं होती. बाकी सगळे गिरणीवाले, कोकणातले नाहीतर घाटावरचे. आमच्या घरातलं कुणी गिरणीत नव्हतं, तरी आई भोंग्यावरच उठायची.

शेजारच्या खोलीत काका-काकी राहत. काका साचेखात्यात होते. त्यांची पाळी बदलली की त्यांची झोप बदले, आणि गॅलरीत दंगा करायची आम्हा मुलांची वेळही बदले. शब्बाथला आमची आजी स्टोव्हला हात लावीत नसे. काकीचा धाकटा यायचा, रॉकेलचा स्टोव्ह पेटवून द्यायचा आणि आजीनं आदल्या दिवशीच काढून ठेवलेली चिक्की घेऊन पळायचा. (धर्मशास्त्रात हे कसं बसतं ते जाणत्यांनी सांगावं. आजीनं कुणाला विचारलं नव्हतं.) दारफाळणीच्या सणाला आमचं दार बंद असे, तेव्हा काकी आपल्या मुलांना दटावून गप्प बसवी. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, आईच्या करंज्यांचं पहिलं ताट तिच्याकडे जाई.

१९५१च्या जनगणनेत भारतात २६ हजारांवर यहुदी होते, १९७१च्या जनगणनेत ते सहा हजारांच्याही आत आले. आमच्या मजल्यावरची सहा बिऱ्हाडं तशीच कमी होत होत आमचं एकटंच उरलं. १९६२ साली रब्बिनेटनं आपल्या लग्नांबद्दल काढलेल्या हुकमामुळे बाबा बिचकले होते. तो वाद १९६४ साली मिटला, तरी त्यांचं मन मागेपुढे होत राहिलं. आपली खोली कधी रिकामी झालीच तर ती काकांच्या थोरल्याला द्यायची, हे बोलणं आजीच्या वेळेपासूनचं होतं. कागद नव्हता. चाळीत कागद कोण करतो?

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागणी पगाराची, बोनसची आणि वर्षानुवर्षं बदली म्हणून राबणाऱ्यांना कायम करण्याची. पण कायदा १९४६चा, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा. त्याप्रमाणे धंद्यात मान्यता एकाच युनियनला, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगार उभे होते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. म्हणजे ज्यांचं भांडण, त्यांच्या माणसाशी बोलायचंच नाही! काका म्हणत, "दोन महिन्यांत मिटेल." दोनाचे सहा झाले. काकीच्या अंगावरचा एकेक डाग गेला, मग तांब्यापितळेची भांडी गेली. आई डाळतांदूळ द्यायची तेव्हा काकी ते घ्यायची, आणि संध्याकाळी येऊन आमचं दळण निवडून द्यायची. फुकट काही घ्यायचं नाही, हा तिचा बाणा.

मी तेव्हा परळच्या बाजूला एका इस्पितळात स्टाफ नर्स होते. क्षयाचे रुग्ण औषधं अर्ध्यावर टाकून गावी जायचे. रागावलं तर म्हणायचे, "सिस्टर, गोळ्या उपाशीपोटी बाधतात. गावाला निदान पेज तरी मिळेल." पुस्तकात याला उत्तर नव्हतं.

१८ ऑगस्टला मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं. जाळपोळ झाली, लष्कर बोलवावं लागलं. माझी ड्यूटी संपली तेव्हा बसगाड्या बंद होत्या. मी फाटकापाशी आले तर काका उभे. सात रस्त्याहून चालत आले होते. गल्ल्यागल्ल्यांतून त्यांनी मला घरी आणलं, वाटेत एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नव्हती, हे मला आईकडून नंतर कळलं.

१९८३च्या सुरुवातीला आमचे कागद आले, आणि बाबांनी खोली एका व्यापाऱ्याला पागडीनं दिली. किती घेतले ते लिहीत नाही. काकांना तेवढे कधीच जमले नसते. मी घरात खूप भांडले. परळपासून चालत आलेल्या माणसाला हे फळ का, असंही म्हणाले. बाबा म्हणाले, "तुला कळत नाही." एवढंच.

निघायच्या दिवशी आमची ट्रंक काकांनीच खाली उतरवली. काकीनं आमसुलांची पुडी दिली. नंतर दोन महिन्यांत तेही खेडजवळच्या आपल्या गावी गेले. काही गिरण्या सुरू झाल्या होत्या, पण काकांना परत घेतलं नाही. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आमच्या जाण्याला अलिया म्हणत होते. त्यांच्या जाण्याला काही नाव नव्हतं.

अश्दोदला आल्यावर उल्पान, नोकरी, माझं आणि बहिणीचं लग्न यात वर्षं गेली. बाबा १९९६ साली वारले. मी मुलीचं कर्तव्य केलं, त्यात कसूर केली नाही. पण ते सात रस्त्याचा विषय काढू लागले की मी उठून आत जायची. त्यांनी दोनतीनदा काढला होता.

२०११ साली मुंबईला गेले तेव्हा चाळीखालच्या पानवाल्याकडून धाकट्याचा पत्ता लागला. स्टोव्ह पेटवणारा तो मुलगा एका जुन्या गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये रखवालदार होता. त्यानं मला कोकण रेल्वेनं खेडला नेलं. काका राहिले नव्हते. काकी पडवीत सूप घेऊन बसली होती. तिनं मला आवाजावरून ओळखलं.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "काकी, खोलीचं माझ्या मनातून गेलं नाही."

"कुठली खोली?"

"आमची. तुम्हाला द्यायची होती ती."

तिनं सुपातले खडे वेचणं थांबवलं नाही. "तुझे बाबा आले होते की त्या रात्री. दारातच उभे राहिले, आत येईनात. ह्यांनीच सांगितलं, घ्या त्या शेटचे पैसे. दोन मुली पदरात, परक्या मुलखात चाललात, आमच्याकडे काय आहे तुम्हाला द्यायला?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? रागावले. ह्यांच्यावर आणि तुझ्या बाबांवर, दोघांवर." जरा थांबून म्हणाली, "अजून आहे थोडा."

पर्समध्ये मी एक लिफाफा नेला होता. तो बाहेर काढायचा मला धीर झाला नाही. मग तिनंच विचारलं, तुमच्याकडे आता शनिवारी स्टोव्ह कोण पेटवतं? मी प्लाटाविषयी सांगितलं, विजेची पत्र्याची शेगडी, शुक्रवारी संध्याकाळी लावली की शब्बाथ सुटेपर्यंत गरम. तिला ते पटलं नाही. "म्हणजे रात्रभर वीज जळते? बिल किती येतं?"

निघताना आमसुलं दिलीच, वर्तमानपत्रात बांधून.

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं देण्यासाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली निघाली. काकांचा गिरणीचा पास जोडून धाकट्यानं अर्ज केला होता. काकी २०१९ साली गेली. सणाला मी त्याला फोन करते तेव्हा आधी घराचं विचारते. मुंबईबाहेर, शेलू-वांगणीकडे घरं देण्याचं निघालं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तिथून कामावर यायचं म्हणजे आयुष्य गाडीतच जायचं." त्याचा नंबर अजून लागलेला नाही.