रबराच्या बुशला तेल नको

आमच्या घरातील तीन माणसांचे पोट मोटारीवर आहे. दादा टॅक्सी चालवतात आणि आम्ही धाकटे दोघे भाऊ गॅरेजात पाना फिरवतो. आमच्याकडे येणाऱ्या दहा ड्रायव्हरबंधूंपैकी निम्मे तरी एकच तक्रार सांगतात. "खड्ड्यातून गेली की खालून कुईकुई वाजते, जरा तेल मारा की!" आम्ही तेल मारत नाही, म्हणून काहीजण रागावतातही.

चाकाला धरून ठेवणारे जे आर्म असतात, त्यांच्या टोकाला रबराचे बुश असते. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोन्हींना घट्ट चिकटवलेले रबर. चाक वरखाली झाले की रबर पिळवटते आणि परत येते. तेथे काही घासतच नाही, मग तेल कशाला? पण सवय जुनी आहे. पूर्वीच्या गाड्यांना जागोजागी ग्रीस निपल असत, आणि गॅरेजात शिकायला आलेल्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी ग्रीसगनच मिळे. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून गेली, ग्रीसगनची सवय मात्र राहिली.

तेलाने रबराचे काय होते, ते आमच्या मुलांनी घरीच पाहिले. काचेच्या झाकणाच्या एका बरणीत थोडे डिझेल घेऊन त्यात वहीला लावायचा रबरबँड टाकला, दुसऱ्या बरणीत साबणाच्या पाण्यात तसाच एक टाकला. (बरण्या शेगडीपासून लांब ठेवल्या होत्या, हे वहिनींच्या वतीने सांगून ठेवतो.) दुसऱ्या दिवशी डिझेलमधला रबरबँड जाडजूड झाला होता आणि जरा ताणताच तुटला. साबणातला होता तसाच. खनिज तेल आणि रबर दोघांचाही पिंड कार्बन-हायड्रोजनचा, म्हणून तेल रबरात शिरते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून पक्के करण्याची रीत शोधली. तसे पक्के केलेले रबर तेलात विरघळत नाही, पण फुगते आणि त्याची ताकद जाते. काही जातींचे रबर तेलाला दाद देत नाही, परंतु बुशला बहुतेक नैसर्गिक रबरच वापरतात, कारण पिळवटणे सोसण्यात त्याचा हात धरणारे दुसरे नाही.

दादांच्या टॅक्सीचे असेच झाले. ते ज्या सर्व्हिस स्टेशनवर जात, तेथे गंज लागू नये म्हणून दरवेळी खालून जळके इंजिन ऑइल फवारत आणि त्याचे पैसेही लावत. लोअर आर्मची बुश फुगून नळीबाहेर आली. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढू लागली, पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली. बुश, टायर, अलाइनमेंट, आणि त्यात दोन दिवस गाडी उभी! त्या दोन दिवसांचे पैसे कोण देणार? शिवाय ब्रेक लावताना ओढणाऱ्या गाडीत मागे कोणाचे तरी लेकरू बसलेले असते. आता दादा जॉबकार्डावर स्वतः लिहून घेतात, 'खालून तेल मारू नये'.

मग वापरायचे काय? नवे बुश दाबून बसवायचे असेल तर साबणाचे पातळ पाणी. आम्ही तेच वापरतो. बसवताना ते सरकू देते, नंतर वाळून जाते आणि बुश जागा धरते. ग्रीस लावून बसवले तर ते सरकतच राहील. आडव्या स्टॅबिलायझर दांडीचे बुश दांडीवर नुसते कवटाळलेले असेल आणि वाजत असेल, तर दांडी पुसून सिलिकॉन ग्रीस लावावे. पॉलियुरेथेनच्या बुशलाही तेच. ब्रेकच्या रबरांसाठी एरंडेलापासून केलेले लाल रबर ग्रीस मिळते, तेही चालते. सिलिकॉनचा हात रंगाच्या कामाला मात्र लावू नये, रंगाला डोळे पडतात आणि पेंटरशी भांडण होते. व्हॅसलीन, खोबरेल, गंज सोडवण्याचा फवारा, यातले काहीही रबरावर नको. घरात आहे म्हणून लावले, असे होते खरे.

चिकटवलेले बुश वाजत असेल तर आधी बोल्ट पाहावा. चाके हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन येऊ देऊन मग शेवटचा आवळा द्यावा. रबराला भेगा दिसल्या तर मात्र कोणतेही ग्रीस उपयोगाचे नाही. दोन्ही बाजूंची बुश एकदमच बदलावीत.