यंत्राचें मौन

यंत्र चालत असतें तोंपर्यंत त्याच्या अंतरंगाविषयीं आपणांस कुतूहल नसतें. तें थांबलें म्हणजे मात्र जो तो वैद्य होतो. घरांत कोणास ताप आला असतां शेजारपाजारची मंडळी जसे काढे सुचविते, तशीच बंद पडलेल्या यंत्राभोवतीं जमलेली मंडळी नवे भाग सुचविते. परंतु नाडी पाहण्यापूर्वीं दिलेलें औषध आणि मोजमापापूर्वीं बदललेला भाग यांची योग्यता सारखीच. याचें प्रत्यंतर मला गेल्या वर्षीं मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर आलें.

तेथें माझा भाचा पर्यटकांस पाण्यावरील स्कूटरवरून फिरवून आणण्याचा व्यवसाय करितो. लोक तिला सर्रास 'जेट स्की' म्हणतात. हिला बाहेर फिरणारा पंखा नसतो. पोटाखालून पाणी ओढून घेऊन तें मागील नळींतून वेगानें फेकावें आणि त्याच्या प्रतिक्रियेनें पुढें धांवावें, अशी हिची रचना. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असल्यामुळें हे खेळ बंद असतात, म्हणून यंत्र कित्येक महिने छपरीखालीं पडून होतें. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, आणि कळ दाबावी तों आंतून नुसता 'टक्' असा आवाज! एंजिन जागचें हलेना.

एका कारागिरानें दोन उपाय सांगितले होते. एंजिनास प्रथम गति देणारी विजेची मोटर नवी घालावी, हा पहिला. आणि दोरीच्या स्विचचा भरंवसा नाहीं, तेव्हां त्याच्या तारांची कायमची व्यवस्था लावून तो निरुपयोगी करावा, हा दुसरा. पहिल्या उपायानें भाच्याची हंगामांतील बरीचशी मिळकत गेली असती. दुसऱ्यानें काय गेलें असतें, हें कळण्यास त्या दोरीचें काम ठाऊक पाहिजे. तिचें एक टोंक चालकाच्या मनगटास किंवा तरंगत्या जाकिटास अडकविलेलें असतें आणि दुसरें स्विचवर बसविलेलें असतें. चालक पाण्यांत पडला कीं दोरी निसटते व एंजिन तत्काळ थांबतें. ती निकामी केली म्हणजे चालक लाटांत आणि मागें बसलेलें परक्याचें पोर चालत्या यंत्रावर, असा प्रसंग ओढवावयास वेळ लागत नाहीं.

"मामा, बॅटरी चांगली आहे, कालच भारून आणली. मोटरच गेली असणार," भाचा म्हणाला.

"अरे, असणार आणि आहे यांत अंतर आहे. तें आधीं मोजूं," मीं म्हटलें.

आसन उचलून आंतील भाग बराच वेळ उघडा ठेविला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती बंद तळाशीं सांचून राहते, आणि तीवर एक ठिणगी पडली तरी अनर्थ होतो. म्हणूनच पेंचकस आडवा घालून मोटरीस परस्पर वीज देण्याची जी युक्ति कांहीं लोक करितात, ती येथें प्राणघातक ठरूं शकते. नंतर प्लग काढून एंजिनांत पाणी शिरलें नसल्याची खात्री करून घेतली. पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. तें आंत असतां एंजिन फिरवूं गेल्यास मोडतोड व्हावयाची. प्लग परत बसवून मग विजेकडे वळलों.

कळ दाबल्यावर यंत्र तीन तऱ्हांनीं उत्तर देतें. अगदींच मौन असेल, तर दोरी, फ्यूज, कळ किंवा बॅटरीचीं टोंकें पहावीं. एंजिन फिरतें परंतु पेट घेत नाहीं असें असेल, तर दोष मोटरींत नसून इंधनांत किंवा ठिणगींत शोधावा. 'टक्' आवाज हा या दोहोंच्या मधला. तो रिलेचा आवाज. कळीतून येणाऱ्या लहान प्रवाहाच्या आज्ञेनें मोटरीचा मोठा प्रवाह जोडणारा हा द्वारपाल होय. या यंत्रांत दोरी जागेवर नसल्यास रिले बोलतच नाहीं. अर्थात् तो बोलला, त्याच क्षणीं दोरीचा स्विच निर्दोष ठरला.

राहिला मोठ्या प्रवाहाचा मार्ग. मल्टिमीटर लावला. स्वस्थ असतां बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवीत होती. कळ दाबल्यावर ती ११.४ वर आली, परंतु खचली नाहीं. मोटरीपाशीं मात्र जेमतेम ७ व्होल्ट पोहोंचत होते. मधले ४ व्होल्ट कोठें लोपले? धन बाजूच्या तारेंत नुकसान नांवापुरतेंच होतें. ऋण टोंक आणि एंजिनाचें अंग यांच्यामध्यें मापक धरून कळ दाबतांच कांटेकोर ४ चा आंकडा उमटला! चांगल्या जोडणींत तेथें अर्ध्या व्होल्टाहून कमीच दिसावयास हवें.

जर्मन शास्त्रज्ञ ओम यानें १८२७ सालीं जो नियम प्रसिद्ध केला, त्यांत या कोड्याचें उत्तर आहे. विरोधामुळें गमावला जाणारा दाब प्रवाहाच्या प्रमाणांत वाढतो. ०.०४ ओमचा क्षुल्लक विरोध घ्या. एक अँपिअर प्रवाहास तो ०.०४ व्होल्टच अडवितो, म्हणून लहान कामें बिनबोभाट चालतात. परंतु मोटरीच्या १०० अँपिअर प्रवाहाचे तोच ४ व्होल्ट गिळतो. रहदारी थोडी असतां ज्या गल्लीची अडचण भासत नाहीं, तीच जत्रेच्या दिवशीं तुंबते, त्यांतलाच हा प्रकार.

ऋण तार बाहेरून नव्यासारखी दिसत होती. टोंकाजवळचें आवरण कापलें, तेव्हां आंतील तांब्याचे तंतु खारट दमटपणानें हिरवट होऊन चुऱ्यासारखे गळाले. कथिलाचा मुलामा दिलेल्या तंतूंची नवी तार आणली, एंजिनाच्या अंगावरील जागा घांसून लख्ख केली आणि जोड आंवळून त्यावर ग्रीस लावलें. कळ दाबतांच एंजिन सुरू झालें. पाण्यावांचून तें तापेल म्हणून लगेच थांबविलें.

आतां भाचा रोज सायंकाळीं यंत्र गोड्या पाण्यानें धुतो, जोड वरचेवर पाहतो, आणि पावसाळ्यांत बॅटरी काढून घरीं भारलेली ठेवितो. मोटर जुनीच चालली आहे. आणि समुद्रांत जाण्यापूर्वीं ती दोरी मनगटास बांधावयास तो कधीं चुकत नाहीं.