माया

शिंप्याच्या धंद्यांत 'माया' म्हणून एक शब्द आहे. कापड बेततांना शिवणीच्या आंत थोडें अधिक राखून ठेवावयाचें. पुढें अंग भरलें, उंची वाढली, कीं शिवण उसवून तेवढें मोकळें करतां येतें. या राखलेल्या कापडाचें नांव माया. वेदान्त्यांची माया जगाला भुलविते, व्यवहारी लोकांची माया पेटींत सांठते. शिंप्याची माया बाहेरून दिसतच नाहीं. आमचे वडील शिंपी होते, म्हणून हा शब्द आम्ही त्यांच्या यंत्राशेजारीं बसून लहानपणींच शिकलों. त्याचा अर्थ कळण्यास मात्र आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली.

तात्या जन्मानें शिंपी. पण पोटामागें जाऊन ते १९५८ सालीं बेळगांवास मराठा लाइट इन्फंट्रींत भरती झाले. त्यांची पलटण पहिली. १७६८ सालीं उभी राहिलेली ही पलटण 'जंगी पलटण' म्हणून प्रसिद्ध आहे. सोळा वर्षांच्या नोकरीनंतर १९७४ सालीं ते नाईक म्हणून निवृत्त झाले, आणि कऱ्हाडच्या पेठेंत एका जिन्याखालीं त्यांनीं शिलाईचें यंत्र मांडलें. पेन्शन तुटपुंजें, मुलें तीन. शिंपी व सोनार यांच्या वायद्यांविषयीं लोकांत जी ख्याति आहे, तिला तात्यांनीं कधीं हातभार लावला नाहीं. दिल्या वारीं कपडा तयार असे. दिवाळीच्या आधींच्या आठवड्यांत त्यांचें यंत्र रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत चाले, आणि गिऱ्हाइकांच्या मुलांचे कपडे संपल्यावर, नरकचतुर्दशीच्या पहाटे, आमच्या सदऱ्यांचीं काजें होत.

आमच्या विजारींना ते चार बोटें माया ठेवीत. दर जून महिन्यांत एक घडी उसवून विजार लांब होई. पण जुन्या घडीच्या जागीं गडद पट्टा राही. ते पट्टे मोजून वर्गांतील मुलें विजारीचें वय सांगत. आम्ही त्यांच्याबरोबर हसत असूं, आणि घरीं येऊन तात्यांशीं बोलत नसूं. १९८७ सालीं पुण्यास कॉलेजांत जावयाचें ठरलें, तेव्हां आम्हीं हट्ट धरला कीं, विजार तयार, दुकानांतलीच पाहिजे. तात्यांनीं पंधरा दिवसांची शिलाई मोजून ती आणून दिली. रात्रीं त्यांनीं ती उलटी करून दिव्याखालीं धरली आणि आईला म्हणाले, "शिलाई बरी आहे. पण माया नाहीं हिला." हा कारागिराचा मत्सर आहे, अशी आम्हीं तेव्हां आमची समजूत करून घेतली.

त्यानंतर सुई घेऊन ते त्या विजारीचीं बटणें काढून पुन्हां पक्कीं लावूं लागले. लावतां लावतां, कधीं नव्हे तें, लढाईविषयीं बोलले. १९७१ च्या डिसेंबरांत त्यांची पलटण पूर्व बंगालमध्यें जमालपूरच्या दक्षिणेस रस्ता अडवून बसली होती. दहा तारखेच्या रात्रीं ३१ वी बलुच पलटण वेढा फोडून टांगाइलच्या रस्त्यानें निसटूं पाहूं लागली, व मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. अकरा तारखेस जमालपूर पडलें. सोळा तारखेस ढाक्यांत शरणागति झाली. एवढें इतिहासांत आहे. तात्यांनीं सांगितलें तें निराळें.

"सकाळीं मेलेल्यांना पुरायचें काम आमच्याकडे आलें. एकाच्या सदऱ्याचें एक बटण निळ्या दोऱ्यानें लावलेलें होतें. पलटणीचा शिंपी खाकीला निळा दोरा लावायचा नाहीं. घरींच कुणीतरी लावून दिलें असणार. निघायची घाई, दुसरा दोरा सांपडला नसेल." थोड्या वेळानें दोरा दांतानें तोडून ते म्हणाले, "तूं तेव्हां दोन वर्षांचा होतास." आम्हीं तें ऐकलें, पण आमचें लक्ष नव्या विजारीकडे होतें. पुन्हां तो विषय त्यांनीं काढला नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

१९९४ सालीं आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक झालों, तेव्हां तात्यांनीं आम्हांस एक कोट शिवून दिला. पुढें त्यांची दृष्टि मंदावली. २०११ सालीं ते गेले. कोट अंगास होईना, म्हणून कपाटांत पडून राहिला. वर्षानुवर्षें आम्ही वर्गांत 'किंग लीअर' शिकवीत आलों, आणि मुलांच्या कृतघ्नतेवर तास तास बोललों. त्या कपाटाची आठवण आम्हांस एकदांही झाली नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत मुलीच्या लग्नाच्या निमित्तानें तो कोट आम्हीं पुण्यांतील एका वृद्ध शिंप्याकडे नेला. त्यानें अस्तर उसवून आंत पाहिलें, आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलें, "हा कुणीं शिवला, सर?"

"वडिलांनीं."

"पाठींत, कुशींत, बाह्यांत, सगळीकडे दुप्पट माया ठेवली आहे. कोटाला एवढी कुणी ठेवीत नाहीं. शिवतांना फार त्रास होतो. तुम्ही तेव्हां सडसडीत असाल. पण त्यांनीं तुमचें आजचें माप धरून ठेवलें होतें."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पंचवीस वर्षांच्या मुलाला कोट शिवतांना पंचावन्नाव्या वर्षींचा मुलगा डोळ्यांपुढें आणणारा बाप त्या वेळीं आपण नसूं, हेंही जाणून असला पाहिजे.

चार दिवसांनीं कोट घेऊन आलों. अंगास नीट बसतो. सगळी माया काढावी लागली नाहीं, अर्धा इंच अजून आंत शिल्लक आहे, असें तो शिंपी म्हणाला.